तीन स्पिअरगन आणि खाणीतला मांगूर

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

ही वही वरद सरांच्या सांगण्यावरून. पाण्याखाली जाणारा माणूस प्रत्येक डुबकीची नोंद ठेवतो म्हणे: तारीख, पाण्यात किती दिसतं, कोणती बंदूक, किती नेम, किती लागले. मी म्हटलं ठेवतो. बाकीचंही ह्यातच लिहीन. वाचणार कोण आहे? बायकोला, श्रद्धाला, वाचायची हौस नाही आणि आईला वाचता येत नाही.

वरद सर खराडीत आमच्या ऑफिसच्या इमारतीत सातव्या मजल्यावर, सॉफ्टवेअरवाले. मी त्याच इमारतीत मेंटेनन्सला. एसी, पंप, जनरेटर, सगळं माझ्याच डोक्यावर. त्यांची दहाबारा जणांची टोळी आहे, सुट्टी पडली की कोकणात जाऊन पाण्याखाली मासे मारतात. नव्या पोरांसाठी स्वस्तातली स्पिअरगन, म्हणजे रबराच्या जोरावर दोरी बांधलेली सळई सोडणारी बंदूक, घ्यायची म्हणून त्यांनी तीन मागवल्या. "मला कोड कळतो, स्क्रू कळत नाही," म्हणाले. "तुम्ही तिन्ही उघडा, तपासा, आणि कुठली टिकेल ते लिहून द्या. घाई नाही. पुण्याला समुद्र नाही. शहराची तेवढी एकच चूक, बाकी सगळं बरोबर आहे."

तिन्ही बंद खाचेच्या आहेत. साध्या स्पिअरगनला वर उघडी पट्टी असते, सळई तिच्यावर नुसती टेकलेली. रबर सुटलं की बारीक सळई वळवळते आणि नेम हुकतो. बंद खाचेत दोन्ही कडा वरून सळईला धरून ठेवतात, तोंडापर्यंत सोडतच नाहीत. महागड्या बंदुकांत हे असतंच. स्वस्तात मिळतं का आणि मिळालं तर टिकतं का, एवढाच प्रश्न.

मी हो म्हटलं त्याला कारण वेगळं आहे. अठरा मेला माझा लहान भाऊ संतोष आमच्या घरापासून पुढं असलेल्या जुन्या दगडखाणीत गेला. पाय घसरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर आला तेव्हा उजवा कान नव्हता आणि डाव्या हाताची तीन बोटं नव्हती. त्या खाणीत मांगूर आहेत. काळे, मिशीवाले, पाळायची बंदी असलेले. कोणी तरी कधी तरी सोडले असतील. कोंबडीवाले आतडी आणून टाकतात, त्याच्यावर पोसून माजलेत साले.

त्या दिवसापासून आई माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. श्रद्धाशी बोलते, माझ्या पोरीला, राजनंदिनीला, गोष्टी सांगते, शेजारच्या मथुराबाईंशी तासतास गप्पा मारते. मी दारात आलो की तोंड बंद. साडेपाच महिने झाले. आम्ही भंडाऱ्याकडचे ढिवर, तळ्यावर वाढलेली माणसं. आम्ही मासोळी खायची, की मासोळीनं आमचं पोट्टं खायचं? आईचं मन तिथंच अडकलं आहे, मला माहीत आहे. तिथला सगळ्यात मोठा मांगूर मारून तिच्या पायाशी टाकीन, त्या दिवशी ती बोलेल. मला दुसरं काही नको.

५ नोव्हेंबर

तिन्ही उघडल्या. तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या म्हणजे घोळ नको.

लाल: साठ सेंटिमीटर. हातात हलकी, मूठ मात्र प्लॅस्टिकची आणि करकरते. चापाच्या आतली, सळई धरून ठेवणारी अडकण लोखंडाची आहे, हे बरं. खाच सरळ.

निळी: पंच्याहत्तर. मूठ चांगली. खाचेच्या कडा मधेच एका जागी दाबलेल्या, सळई तिथं घासते. कानस मारून काढलं.

काळी: नव्वद. दिसायला देखणी. दोन रबरं. अडकण प्लॅस्टिकची. अरे बाबा, दोन रबरांचा जोर एका प्लॅस्टिकच्या दातावर? ज्यानं बनवली त्याच्याच छातीवर ही रोखून धरली पाहिजे.

सळईच्या टोकाशी एक पाती असते. आत शिरताना मिटते, ओढली की उघडते आणि मांसात अडकते. मी ती बोटानं उघडझाप करत बसलो होतो. श्रद्धा म्हणाली, "अहो, जेवताना तरी ठेवा ना ते बाजूला. पोरगी बघतेय." तिला काय कळतं? ताट सरकवलं तर भिंतीपर्यंत गेलं. वरण सगळं कॅलेंडरवर. मग तीच पुसत बसली. मी सांगितलं नव्हतं पुसायला.

८ नोव्हेंबर, शनिवार

वरद सरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. पाण्याबाहेर भरायची नाही. हवेत सोडायची नाही. मला वाटलं, सावध माणसाच्या सूचना आहेत. आम्ही कोणतीही मोटर लोडवर टाकायच्या आधी मोकळी फिरवून बघतो. न बघता पाण्यात उतरवू काय?

गच्चीवर टाकीजवळ वाळूचं पोतं उभं केलं. निळी घेतली. दांडा छातीला टेकवून दोन्ही हातांनी रबर ओढलं आणि सळईच्या पाठीवरच्या खोबणीत अडकवलं. चाप दाबला.

पाण्यात सळईला पाणी अडवतं. हवेत कोण अडवणार? पोत्याचा कोपरा फाडून ती पुढं गेली, दोरी ताणली, आणि तेवढ्याच जोरानं उलटी आली. माझा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. मला वाटलं कोणी तरी चापट मारली. सळई गच्चीच्या दाराच्या चौकटीत घुसली होती आणि दारात राजनंदिनी उभी होती, कपड्यांच्या चिमट्यांची टोपली घेऊन. तिच्या डोक्याच्या वर वीतभर. पोरगी रडली नाही. तिचा फ्रॉक ओला झाला, पायाखाली ओघळ आला.

मी ओरडलो, "तुला वर कोणी बोलावलं होतं?" असा ओरडलो की जखमेतलं रक्त तोंडात आलं.

आई जिन्यातून वर आली. पोरीला कडेवर घेतलं, सहा वर्षांच्या घोडीला. माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं, ओठ हलले. मग तिनं दात आवळले आणि खाली निघून गेली.

सात टाके पडले. डॉक्टरला सांगितलं, पत्रा लागला. पण आज आई बोलणारच होती. इतक्या जवळ आली होती! म्हणजे मी योग्य रस्त्यावर आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

खाण. सकाळी सात. पाणी: हातभर दिसतं, त्याच्या पुढं हिरवा काळोख. बंदूक: लाल. नेम पाच, लागले तीन.

टाक्यांवर पट्टी आणि पट्टीवर प्लॅस्टिक चिकटवलं. श्रद्धा म्हणाली, "टाके ओले होतील." मी म्हटलं, होऊ दे.

संतोषनं ज्या कडेवरून सूर मारला त्याच कडेवरून उतरलो. मुद्दाम. पाणी थंड, तोंडात हिरवी चव. खाली गेलं की दगडाच्या पायऱ्या आहेत, खाणवाल्यांनी कापलेल्या. त्या पायऱ्यांवर ते पडून असतात. आधी मिशा दिसतात. मग डोकं, चपटं, रुंद, थोबाडीत मारावंसं वाटणारं.

ह्या गढूळ पाण्यात लाल बंदूकच कामाची. लांब बंदुकीचं टोक दिसतसुद्धा नाही, नेम कसला धरता? लालचं टोक डोळ्यांसमोर असतं. बंद खाचेचा फायदा इथं कळला. बंदूक आडवी धरा, उलटी धरा, सळई जागची हलत नाही. पहिल्याला डोळ्यामागं मारलं. आवाज येत नाही, हाताला कळतं, ओल्या लाकडात खिळा गेल्यासारखं. तो पिरगळला, सळईभोवती गोल फिरला, पातीनं आतून फाडत गेला. काठावर आणून दगडानं डोकं ठेचलं. मांगूर लवकर मरत नाही. पाण्याबाहेर तासभर जगतो, रांगतो. मी तिघांना रांगू दिलं आणि मग एकेकाला ठेचलं. दगड हातातून निसटेपर्यंत ठेचत होतो.

घरी येताना अंग इतकं हलकं होतं. मे महिन्यापासून असं वाटलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

श्रद्धाच्या कानाखाली एक वाजवली. तिनं माझ्या बॅगेतून लाल बंदूक काढून माळ्यावर टाकली होती. फार लागलं नाही, तिनं हात मधे आणला आणि बांगडी फुटली म्हणून मनगटाला रक्त आलं एवढंच. आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिच्या पुढ्यात विळी होती, वांगी चिरत होती. चिरायची थांबली होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

खाण. पाणी: दीड हात. बंदूक: निळी. नेम चार, लागले दोन. कानस मारलेल्या जागी आता घासत नाही. मूठ लालपेक्षा शंभरपट चांगली. रबर मात्र फिकं, एका महिन्यात भेगा पडतील.

वर आलो तर एक तीनचाकी टेम्पो उभा. नागोराव नावाचा म्हातारा, कोंबडीच्या दुकानांतली घाण भरून आणतो आणि पाण्यात ओततो. पिंपं रिकामी करत होता. आतडी, पिसं, डोकी. पाण्याला उकळी फुटल्यासारखे मांगूर वर आले.

मी त्याची गचांडी धरली. म्हटलं, "माझ्या भावाला खाणारी जात तू पोसतोस काय रे?"

तो म्हणाला, "सोडा साहेब, गरीब माणूस हाय." मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. गालावरच्या टाक्यांकडे नाही, डोळ्यांकडे. म्हणाला, "तुमीच व्हय? त्या रविवारी मी त्या पलीकडल्या अंगाला व्हतो. तवा मासं नव्हतं वर आलेलं. मी बगितलंय सायेब, तुमी दोगं..."

पुढचं मी बोलू दिलं नाही. पहिल्या ठोशात त्याचे पुढचे दात गेले. तो पडला, मी त्याच्यावर बसलो. त्याच्या तोंडात कोंबडीची पिसं कोंबली, मूठभर. "माझ्या पोरांची शपथ, साहेब," असं काही तरी तो म्हणत होता. भलतंच बरळणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं? दुपारी बाराच्या उन्हात कोणाला काय दिसतं पलीकडून? टेम्पोची काच फोडली, तेव्हा कुठं हात थांबले.

उजव्या मुठीचं हाड दुखतं आहे. पुढच्या रविवारी चाप दाबायला त्रास होईल.

१९ नोव्हेंबर

वरद सरांनी जिन्याजवळ गाठलं. गालाकडे बघितलं, मुठीकडे बघितलं. म्हणाले, "सुदर्शन, मी तुम्हाला तुलना करायला सांगितली होती. युद्ध नाही."

मी म्हटलं, "सर, काम चालू आहे."

"ते दिसतंय. हवेत सोडलीत ना? बोलू नका, गाल बोलतोय. ठीक. निष्कर्ष काय?"

मी सांगितलं: काळी परत पाठवा, अडकण प्लॅस्टिकची आहे. एक दिवस भरलेली असताना आपोआप सुटेल आणि शेजारच्याच्या पोटात जाईल. निळी समुद्रात, स्वच्छ पाण्यात चांगली, पण रबर बदलून घ्या. लाल ओबडधोबड, पण दगडांच्या फटीत आणि गढूळ पाण्यात तिला तोड नाही. बंद खाचेची एकच खोड, आत गाळ बसतो. दर वेळी पाण्यानं धुतली नाही तर सळई चिकटते.

"उत्तम," म्हणाले. "इतकं नीट आमच्या टेस्टिंग टीमनंही कधी लिहिलं नाही. आता तिन्ही परत द्या."

"अजून तीन रविवार द्या सर."

"कशाला?"

"लालचं रबर किती दिवस टिकतं बघायचंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. भल्या माणसाची जात, नाही म्हणता येत नाही. "सुदर्शन, खाली एकटं जायचं नाही हाही एक नियम आहे. तुमच्याबरोबर कोण असतं?"

मी म्हटलं, भाऊ असतो. तोंडातून निघून गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

खाण. पाणी: दोन हात, थंडीनं निवळलं आहे. बंदूक: काळी, मग लाल.

काळी एकदा वापरून बघितलीच पाहिजे, नाही तर तुलना कसली? पहिलाच नेम. बाहेर निघालेला एक बारका मांगूर. चाप दाबला, सळई अर्ध्यात अडकली. गाळ. रबराचा जोर सगळा मुठीत आला, मनगट पिळलं गेलं. तेवढ्यात त्याच्या मागं तो दिसला.

चार फूट. जास्तच. डोकं माझ्या दोन्ही तळहातांएवढं. मिशा पांढरट. पळाला नाही, माझ्याकडे तोंड करून थांबला. खालच्या पायरीवर, जिथं संतोषचा पाय शेवाळात अडकला तिथंच. पोलिसांच्या कागदावर तसंच लिहिलं आहे, शेवाळात पाय अडकला.

मी हातात नुसती काळी घेऊन त्याच्यासमोर. सुटेना. छातीत आग लागली तरी वर आलो नाही. वर आलो तेव्हा नाकातून रक्त. लाल घेऊन पुन्हा उतरलो, तो गेला होता. काठावर येऊन काळी बंदूक दगडावर आपटून तिचे चार तुकडे केले. वरद सरांना सांगीन, तपासणीत मोडली. खोटं नाही.

संतोष असता तर हसला असता. त्याची खोडच ती. त्याला नोकरी लागली, खोली मिळाली, की लगेच मोठा झाला. "दादा, आईला मी नेतो," म्हणाला होता. मला म्हणाला! बारा वर्षं ह्या शहरात मी राबलो, त्याची फी भरली, आणि आईला हा नेणार. काहून, तर आई म्हणे माझ्या घरात भिऊन असते. मला भिते. माझी आई, मला!

३० नोव्हेंबर, रविवार

खाण. पाणी: दोन हात. बंदूक: लाल. नेम सहा, लागले सहा. पण तो नाही.

एक मादी होती, पोट अंड्यांनी तट्ट. काठावर फाडली. मुठीनं अंडी काढून दगडावर चोळली. लालची मूठ अजून करकरते, पण तुटत नाही. अशी वस्तू विश्वासाची.

घरी आलो तर श्रद्धा बॅग भरत होती. येरवड्याला बहिणीकडे जाते म्हणाली, चार दिवस. मी बॅग गॅलरीतून खाली फेकली. पोरीचे कपडे पार्किंगमध्ये पसरले. मथुराबाई खालून वर बघत होत्या, मी म्हटलं, "काय बघता? तिकीट काढलंय काय?" त्या आत गेल्या.

श्रद्धा म्हणाली, "अहो, एकदा तरी सांगा, तुम्हाला काय झालंय?"

मला काय झालंय? माझा भाऊ मेला आहे आणि माझी आई सहा महिने माझ्याशी बोलत नाही. हे कमी आहे काय? मी आईच्या समोर जाऊन बसलो. गुडघे धरले तिचे. म्हटलं, "आई, शिवी दे. मार. पण बोल." तिनं माझ्या हातांकडे बघितलं. मग एकेक बोट धरून गुडघ्यावरून बाजूला केलं, किडा उचलून टाकावा तसं, आणि उठली.

रडू आलं. लिहितो, लाज कसली. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

७ डिसेंबर, रविवार

खाण. पाणी: अडीच हात, एवढं कधीच नव्हतं. बंदूक: लाल. नेम एक.

दुपारचे दीड वाजले आहेत. सगळं लिहून ठेवतो.

तो खालच्याच पायरीवर होता. आज मी घाई केली नाही. वरून नाही, बाजूनं गेलो, दगडाला पोट घासत. टोक त्याच्या कल्ल्यापासून वीतभर येईपर्यंत थांबलो आणि सोडलं. सळई आरपार गेली, पलीकडे दगडावर टणत्कार झाला. मग त्यानं मला ओढलं. चेष्टा नाही, चार फुटांचा राक्षस. दोरी मनगटाला गुंडाळली होती, खांदा उखडतो की काय असं झालं. गाळ उसळला, काही दिसेना. मी दोरी ओढत ओढत त्याच्यापर्यंत गेलो, दोन्ही पायांनी त्याला कवळलं, आणि कमरेचा सुरा काढून खुपसत राहिलो. पोटात, डोक्यात, जिथं जाईल तिथं. त्याचे काटे मांडीत घुसले. पाणी लाल नाही होत तिथं, तपकिरी होतं. माझ्याखाली त्याची धडपड कमी कमी होत गेली. ते अंगाला ओळखीचं वाटलं. मी वर येऊन ओकलो.

काठावर तासभर पडून होतो. मग खांद्यावर टाकून मोटरसायकलवर आणला. लोक बघत होते. बघू दे.

आई स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होती. श्रद्धा ओट्याशी. राजनंदिनी आजीच्या पाठीला टेकून. मी तो आईच्या पुढ्यात टाकला. फरशीवर धप्प आवाज झाला, सूप उलटलं. म्हटलं, "आई, हा घे. हाच तो."

आईनं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि बोलली.

"याले काहून मारलं?"

सात महिन्यांनी! मला हसू फुटलं, खरंच हसलो मी. म्हटलं, "यानं संतोषला खाल्लं, आई."

"मेलेल्याले खाल्लं," आई म्हणाली. "मासोळी मेलेल्याले खाते. तिले काय समजते?" आवाज चढवला नाही तिनं. तांदूळ गोळा करत होती. "लगन नव्हतं झालं त्याचं. तसाच कसा धाडायचा, म्हणून हळद मीच लावली. सगळे नाक धरून दूर होते. मी मान उचलून मागून लावली. मागं एका अंगाला चार बोटं उमटली होती आन् दुसऱ्या अंगाला अंगठा. काळेनिळे. मासोळीले अंगठा नसते, बाबू."

माझा हात वर गेला. आईवर आजवर कधी गेला नव्हता. श्रद्धा मधे आली नाही. तिनं फक्त राजनंदिनीचं तोंड आपल्या पोटाशी वळवून धरलं. आईनंही मान हलवली नाही. हात फडताळावर पडला, डबे खाली आले.

मी म्हटलं, "मग इतके दिवस काहून नाही बोललीस?"

"तुझ्याशी एक शबद बोलली असती तर हाच निघाला असता तोंडातून. दोन पोरं होती. एक गेलं, दुसरं आपल्या हातानं कसं देऊ, म्हणून तोंड शिवून बसली. वाटलं, आपोआप निवेल हा. तू निवला नाहीस. पोरीच्या डोक्यावरून सळई गेली, सुनेचं मनगट फुटलं, त्या म्हाताऱ्या टेम्पोवाल्याचे दात पाडलेस. तो परवा आला होता घरी. त्यानं सांगायच्या आधी मीच त्याले सांगितलं, मले माहीत हाय." ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, मी आधार द्यायला गेलो तर सरकली. "आता पोरगी हाय घरात. आता नाही."

तिनं पायात चप्पल घातली. श्रद्धानं पोरीला उचललं. तिघी गेल्या. दार उघडंच ठेवून गेल्या. चौकी दहा मिनिटांवर आहे. त्यांना जाऊन अर्धा तास होऊन गेला. मोटरसायकलची किल्ली माझ्या खिशात आहे. पळता येईल. मांगूर अजून कल्ले हलवतो आहे, फरशीवर.

तो घसरला नाही. सूर मारला नाही. शेवाळात अडकला नाही. मे महिन्यात खाण आटलेली, आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात, त्या पायरीवर उभे होतो. गावी तळ्यात आम्ही एकमेकांचं डोकं पाण्यात धरायचो, श्वास किती टिकतो बघायला. खालच्यानं वरच्याच्या मांडीवर थाप मारली की सोडायचं. एवढा एकच नियम. मी म्हटलं, चल धरतो. तो हसत वाकला, कारण मी दादा होतो. वाकता वाकता म्हणाला, "दादा, खरं सांगतो, आई तुला भिते."

त्यानं थाप मारली. एकदा नाही, कितीतरी. मला सगळ्या लागल्या. मी सोडलं नाही, कारण तो वर आला असता तर पुन्हा तेच बोलला असता.

खाली गाडी थांबली. दारं वाजली. आईचा आवाज येतो आहे, किती दिवसांनी इतका मोठा. त्यांना रस्ता दाखवते आहे. "तिसरा मजला, साहेब, उजवीकडचं दार," म्हणते आहे. "उघडंच हाय."